गजकर्णाला 'ती ट्यूब' मागणाऱ्याला तुम्ही काय सांगता?

वडगावची वैनी

नमस्कार मंडळी. बेळगावात वडगावच्या बाजूला आमचं मेडिकल आहे. सासऱ्यांनी घातलेलं दुकान, गेली सात वर्षं काउंटरवर मी असते. मिरग निघाला की ताप-खोकल्याच्या खालोखाल आमच्याकडं गिऱ्हाईक येतं ते खाजेचं. जांघेत, काखेत, कमरेला करदोड्याच्या खाली, बायकांना परकराच्या नाडीच्या जागी. कोण गजकर्ण म्हणतं, कोण नायटा, कानडी गिऱ्हाईक हुळकड्डी म्हणतं.

परवा संध्याकाळी मागावर काम करणारा एक पोरगा आला. पंचवीस-सव्वीसचा असेल. पाकिटातून त्यानं संपलेली ट्यूब काढली. शेपटाकडून गुंडाळत पार मानेपर्यंत आणलेली, नाव तेवढं दिसत होतं. "वैनी, हीच द्या. दुसरी नको. हिनं दोन दिवसांत खाज जातीय." बघितलं तर चार औषधं एकत्र कालवलेली, त्यातलं एक क्लोबेटासोल, म्हणजे जोरदार स्टिरॉईड. कधीपासून लावूलास विचारलं, तर दिवाळीच्या आधीपासून. सदरा वर केला. करदोड्याच्या रेषेपासून पाठीपर्यंत तळहाताहून मोठा चट्टा. गजकर्णाची गोल कड कुठं दिसत होती, कुठं पुसून गेली होती. मध्ये बारीक पुळ्या, आणि कातडी पातळ, चकचकीत, आतली शीर दिसावी अशी. जांघेत जांभळे वळ उठलेत म्हणाला. तीच ट्यूब बायको लावते. दोन वर्षांच्या पोरीच्या गालावर आलंय, तिलाही तीच.

मी दिली नाही. ही चिठ्ठीशिवाय देता येत नाही म्हटलं, साधं बुरशीचं मलम, क्लोट्रिमॅझोल, देते, महिनाभर लाव म्हटलं, पोरीला डॉक्टरकडं ने म्हटलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, "बरं वैनी" म्हणाला, आणि पुढच्या दुकानातून तीच ट्यूब घेऊन गेला. माझ्या डोळ्यांदेखत.

त्या रात्री झोप लागली नाही. मी बोलले ते खरं होतं, पण त्याच्या मनात उतरलं नाही. तुमच्यापैकी कोण मेडिकलवाले असतील, डॉक्टर असतील, स्वतः यातून गेलेले असतील, त्यांना विचारते: दोन मिनिटांत, मागं चार गिऱ्हाईकं उभी असताना, अशा माणसाला नेमकं कुठल्या शब्दांत सांगायचं?

खानापूरचा पाऊस

वैनी, आमच्याकडं गजकर्णाआधी चिखल्या. रोप लावणीला सकाळी चिखलात उतरलेला पाय संध्याकाळीच बाहेर येतो. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या फटक पडतात, मग चिरतात, मग वास. चुलतीनं गेल्या साली रॉकेल लावलं आणि पाय सुजून आठ दिवस बसून राहिली. ऐन लावणीत घरातला एक माणूस कमी. चिखल्या आणि गजकर्ण एकच का वेगळं?

खलबत्ता

निपाणीत ३४ वर्षं काउंटर सांभाळला, आता मुलगा बघतो. थोडं सविस्तर लिहितो.

पाऊसराव, बऱ्याच वेळा एकाच जातीची बुरशी. बेचकीत झाली की चिखल्या, जांघेत-अंगावर झाली की गजकर्ण. पायाची बुरशी टॉवेलनं, चड्डी घालताना, जांघेत चढते. म्हणून जांघेला मलम मागणाऱ्याला मी नेहमी विचारायचो, "पायाच्या बोटांत काय आहे काय?" निम्मे तरी हो म्हणायचे. चिखलातून आल्यावर पाय धुऊन बेचकी न बेचकी सुक्या फडक्यानं कोरडी करायची, त्या फडक्यानं दुसरं अंग पुसायचं नाही, आणि मग मलम. रॉकेल, बॅटरीचं पाणी, चुना यांनी बुरशीआधी कातडी जळते.

आता वैनींचा प्रश्न. त्या पोराला दोन दिवसांत आराम पडतो हे खोटं नाही. खाज, लाली, सूज ही आपल्या अंगानं बुरशीशी चालवलेली झटापट आहे. स्टिरॉईड ती झटापटच बंद पाडतं. राखण्या झोपवला की कुत्रं भुंकायचं थांबतं, चोर मात्र घरातच. आत बुरशी निवांत पसरते, वरून काही दिसत नाही. मी गिऱ्हाईकाला हेच चोराचं सांगायचो आणि ते कळायचं. 'स्टिरॉईड' हा शब्द कळत नाही. कुणाला तो पैलवानांच्या इंजेक्शनचा वाटतो, कुणाला काहीच वाटत नाही.

दुसरं, किती लावायचं हे आपण सांगतच नाही. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या वळीपर्यंत मलमाची रेघ ओढली तर साधारण अर्धा ग्रॅम. तेवढ्यात बोटांसकट दोन तळहातांएवढी जागा होते. आता हिशेब करा. एका तळहाताएवढा चट्टा, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज अर्धा ग्रॅम, महिन्याला १५ ग्रॅम. दोन्ही जांघा आणि कंबर धरून चार तळहात जागा असेल तर तीच १५ ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपते. आपण एक ट्यूब देतो, "महिनाभर लावा" म्हणतो, ती आठव्या दिवशी संपते आणि गिऱ्हाईकाला वाटतं औषध संपलं म्हणजे उपचार संपला. चूक त्याची नव्हे, आपली.

आणि लावायचं ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं, बाहेरून आत येत. बुरशी कडेला जिवंत असते, मधला भाग आपसूक बरा दिसतो. चट्टा दिसेनासा झाल्यावरही एक-दोन आठवडे चालूच ठेवायचं.

चंदगडी

राखण्या आणि कुत्र्याचं एकदम पटलं. आईला वाचून दाखवलं.

त्वचावैद्य

खलबत्ता यांनी नीट मांडलंय. माझ्या ओपीडीत रोज येतं त्यातलं थोडं जोडतो.

वैनींनी वर्णन केलेल्या त्या पुसट कडेला आमच्याकडं 'टिनिया इन्कॉग्निटो' म्हणतात, म्हणजे वेश पालटलेलं गजकर्ण. स्टिरॉईडनं त्याचं रूप इतकं बदलतं की आम्हालाही कधी कड खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. जांघेतले जांभळे वळ म्हणजे कातडी आतून फाटल्याच्या खुणा, त्या आयुष्यभर राहतात.

आणखी एक अडचण गेल्या काही वर्षांतली. आपल्या देशात पसरलेल्या या बुरशीच्या एका जातीला जपानमधल्या संशोधकांनी २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव दिलं. टर्बिनाफिन हे बुरशीवरचं नेहमीचं औषध तिच्या ज्या एन्झाइमवर घाव घालतं, त्यातच तिनं बदल करून घेतलाय, म्हणून पुष्कळ रुग्णांत ते औषध पूर्वीसारखं लागू पडत नाही. तेव्हा मेडिकलमधून "सात गोळ्या घेऊन बघा" हे कृपा करून बंद करा. अर्धवट गोळ्यांनी ती आणखी निगरगट्ट होते. इट्राकोनॅझोल या बुरशीवरच्याच दुसऱ्या औषधाचं तर हृदयाच्या दुबळेपणात, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर आणि रक्त पातळ करायच्या औषधांबरोबर वाकडं आहे. ते काउंटरवरून द्यायचं औषधच नव्हे.

काउंटरवरून मलम देऊन भागेल ते छोटं, ताजं, अंगावरचं किंवा पायाच्या बेचकीतलं. डोक्यात झालं आणि केस तुटूलेत, तर मलम मुळापर्यंत पोचत नाही, गोळ्याच लागतात. नखाचंही तसंच, हाताच्या नखाला सहा आठवडे आणि पायाच्याला बारा आठवडे गोळ्या, आणि पायाचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष. गरोदर बाई, तान्हं मूल, साखरेचा पेशंट, चेहरा, अंगभर पसरलेलं, आधी स्टिरॉईड लावलेलं, दोन आठवड्यांत काहीच फरक नसलेलं, या सगळ्यांना पाठवा. वैनी, त्या लहान पोरीला तर नक्कीच.

आणि एक सांगून ठेवा. ती ट्यूब बंद केली की पहिले काही दिवस लाली आणि खाज उसळते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस तिसऱ्या दिवशी परत तीच लावतो. सांगितलं तर बरेच जण तग धरतात.

नाक्यावरचा मेडिकल

सगळं वाचलं, सगळं बरोबर. पण माझं ऐका. चिकोडीच्या पुढं एका गावात नाक्यावर दुकान आहे माझं. गावातले डॉक्टरच ती ट्यूब चिठ्ठीवर लिहून देतात. कंपनीचा माणूस दहावर दोन फुकट देतो. मी नाही दिली तर माणूस तालुक्याला जातो का? नाही, पुढच्या दुकानात जातो. कातडीचा डॉक्टर बघायचा म्हणजे उसाच्या टोळीतल्या माणसाची एक दिवसाची मजुरी, एसटीचं तिकीट, फी आणि वर औषधं. वैनींनी दिली नाही, झालं काय? त्याला मिळालीच. नियम एकट्यानं पाळून दुकान चालत नाही.

खलबत्ता

@नाक्यावरचा मेडिकल, तुमची अडचण मी भोगलीय, म्हणून रागानं लिहीत नाही. पण २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं कातडीला लावायची १४ स्टिरॉईडं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, घातली ती उगाच नव्हे. चिठ्ठी असेल तर द्या, तुमचा इलाज नाही. चिठ्ठी नसताना हातानं काढून देणं वेगळं. आणि पैशाचंच बघायचं तर साधं क्लोट्रिमॅझोल त्या मिश्रणापेक्षा महाग नाही. महिन्याला लागतील तेवढ्या ट्यूबा एकदम दिल्या तर तुमचाही धंदा होतो आणि माणूसही बरा होतो. बरा झालेला माणूस सगळ्या घराची औषधं तुमच्याकडूनच नेतो. मी ३४ वर्षं त्याच्यावर दुकान चालवलं.

लाल माती

तालमीतला आहे म्हणून लिहितो. आखाड्याच्या मातीत आम्ही हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालतो, पण गजकर्ण झालेला गडी मातीत उतरला की आठ-दहा दिवसांत जोडीदाराच्या मानेवर, दंडावर गोल उठतंच. मॅटवर तर जास्तच. आमच्या वस्तादांचा नियम आहे, कड लाल दिसत असेल तोवर लढत नाही, जोर-बैठका मारा. लंगोट प्रत्येकाचा वेगळा, रोज उकळून वाळवायचा. एका पोरानं हे लपवलं होतं आणि सहा जणांना दिलं. त्याला कोणी ओरडलं नाही, मेडिकलवाल्या काकांनाच तालमीत बोलावून सगळ्यांना दाखवायला लावलं. तेव्हापासून पोरं आपणहून सांगतात.

निपाणीची लेक

माझी आई विड्या वळायची. दिवसभर मांडी घालून, मांडीत सूप, वर पत्रा. तिला छातीच्या खाली आणि जांघेत सारखं लाल, ओलं, पांढुरकं व्हायचं. तीन वर्षं ती मेडिकलवरून पावडर आणत होती, तीही कागदावर लिहून माझ्या भावाच्या हातात देऊन. काउंटरवर पुरुष, बोलणार कशी? मग त्या दुकानात एक मुलगी कामाला लागली. आई पहिल्यांदा स्वतः गेली. त्या मुलीनं मलम काढायच्या आधी विचारलं, "मावशी, रात्री किती वेळा उठता लघवीला? तहान लागतीय का जास्त?" आणि म्हणाली, आधी साखर बघून या, मलम उद्या नेलं तरी चालेल. साखर ३००च्या वर निघाली. आईला कुणीच सांगितलं नव्हतं की पुन्हापुन्हा होणाऱ्या बुरशीमागं साखर असू शकते.

आई आज आहे ती त्या दोन प्रश्नांमुळं, असं मी मानते. वैनी, तुम्ही बाई म्हणून काउंटरवर आहात हेच फार मोठं आहे. दुकानात थोडा आडोसा असेल तर बायका आणखी बोलतील.

टिळकवाडीचे आजोबा

थोडं अवांतर. आमच्या लहानपणी गजकर्णाला 'गोवा पावडर' मिळायची. ब्राझीलमधल्या अरारोबा नावाच्या झाडाची ती भुकटी, पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात आली म्हणून हे नाव. १९ व्या शतकात युरोपातल्या डॉक्टरांनीसुद्धा ती उचलली. गुण यायचा, पण कपडे तपकिरी-जांभळे व्हायचे आणि हात डोळ्याला लागला तर आग आग. गोरगरीब टाकळ्याचा पाला चोळायचे. संस्कृतात टाकळ्याचं नावच दद्रुघ्न, दादेचा म्हणजे गजकर्णाचा नाश करणारा. पावसाळ्यात भाजीही त्याचीच.

खानापूरचा पाऊस

आजोबा, टाकळ्याची भाजी आमच्या घरी आजच झाली. मलमाऐवजी पाला चोळला तर चालेल काय?

खलबत्ता

भाजी खावा. चोळायचं म्हणाल तर पाल्यात गुण असेलही, पण ओरखडलेल्या कातडीवर कच्चा पाला म्हणजे किती औषध, किती माती, काही सांगता येत नाही. लसूण ठेचून बांधणारे आणि दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा फोड घेऊन येणारे मी मोजले नाहीत इतके पाहिलेत. आम्ही कॉलेजात व्हिटफिल्डचं मलम स्वतः घोटायचो, सहा टक्के बेंझॉइक अॅसिड, तीन टक्के सॅलिसिलिक. घट्ट तळपायाला ते आजही चांगलं, जांघेत मात्र झोंबतं.

कॅम्पातली ताई

माझ्या मुलाच्या छातीवर-पाठीवर फिकट ठिपके आलेत, आम्ही शिबं म्हणतो. शाळेत पोरं दूर बसतात. मेडिकलवाल्यानं गजकर्णाचंच मलम दिलंय. बरोबर आहे का? लागट असतं का ते?

त्वचावैद्य

ताई, शिबं ही वेगळी बुरशी, आपल्या कातडीवर सगळ्यांच्याच राहणारी. घाम, तेलकटपणा वाढला की ठिपके उठतात. ती लागट नाही, हे शाळेत बाईंना जाऊन सांगा. पाठभर मलम फासण्यापेक्षा केटोकोनॅझोलचा दोन टक्क्यांचा शाम्पू ओल्या अंगावर लावून पाच मिनिटांनी धुवायचा, सलग पाच दिवस, हे सोपं पडतं. मूल बारा वर्षांच्या आतलं असेल तर आधी डॉक्टरला विचारा. बुरशी मेल्यावरही रंग भरायला काही महिने जातात, तेवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं समजू नका.

पण मेडिकलवाल्या मित्रांना एक विनंती. फिकट चट्टा दिसला की डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा टेकवा. कळला नाही, चट्टा बधिर लागला, तर मलम देऊ नका. तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट मिळतं, वेळेत धरला तर पूर्ण बरा होतो. तसंच रात्री जास्त खाज, बोटांच्या बेचकीत बारीक पुटकुळ्या आणि घरातले सगळेच खाजवूलेत, तर ती खरूज. तिथं बुरशीचं मलम कितीही लावलं तरी उपयोग नाही.

सीमावासी

मला वैनींच्या 'कुठल्या शब्दांत' यावर बोलायचंय. आपल्याकडं गिऱ्हाईक निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि ट्यूबवर छापलेलं सगळं इंग्रजी. माझा भाऊ संकेश्वरला मेडिकलमध्ये आहे. तो ट्यूबच्या खोक्यावर मार्करनं दोनच गोष्टी लिहितो, सूर्य आणि चंद्राचं चित्र (म्हणजे सकाळ-रात्र) आणि कुठल्या तारखेपर्यंत लावायचं ती तारीख. कानडी माणसाला वर सांगतो, "कडमी आद्रू बिडब्याडरी, ओंद तिंगळ हच्चबेक्री." कमी झालं तरी सोडू नका, महिनाभर लावायचंय. तारीख लिहिलेली असली की घरातलं शाळेतलं पोरगंच आठवण करतं.

चंदगडी

तारखेची युक्ती भारी आहे. कपड्यांचं पण सांगा की कोणीतरी, आमच्याकडं जुलैत चार-चार दिवस काही वाळत नाही.

लाल माती

हात बुडवता येणार नाही इतक्या गरम पाण्यात भिजवायचे, घरातल्यांच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. वाळले नाहीत तर उलटे करून इस्त्री, शिवणीवर आणि इलॅस्टिकवर जास्त वेळ. ओली जीन्स घालून गाडीवर जाणं बंद. आणि करदोडा. देवाचा म्हणून कोणी काढत नाही, पण बरं होईपर्यंत काढून ठेवा, मग नवा बांधा. आमच्या वस्तादांनी स्वतःचा काढून दाखवला तेव्हा पोरांनी काढले.

वडगावची वैनी

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. उशिरा लिहितेय, कारण मध्ये काहीतरी घडलं.

सोमवारी त्या पोराची बायको आली, कडेवर पोरगी. गालावरचं गोल आता डोळ्याच्या कडेपर्यंत गेलेलं. तिला म्हटलं, आत ये, बस. सासऱ्यांच्या जुन्या खुर्चीला मी पडदा लावून घेतलाय (निपाणीच्या ताई, तुमचं वाचून). चोराचं आणि राखण्याचं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "म्हणजे आम्ही आठ महिने चोराला जेवण घातलं की ओ." मग ट्यूब बंद केली की आठवडाभर जास्त खाजणार, तेव्हा घाबरायचं नाही, हेही सांगितलं. तिघांनाही ती ट्यूब लागलेली, म्हणून मलम दिलं नाही. जिल्हा दवाखान्यात कातडीची ओपीडी कधी असते ते कागदावर लिहून दिलं, आणि संपलेली ट्यूब बरोबर ठेव, डॉक्टरला दाखव म्हटलं.

आज नवरा आला. आत आला नाही, पायरीवरच उभा राहिला. डॉक्टरनं तिघांनाही औषध दिलंय, चिठ्ठी पुढं केली. मी खोक्यांवर मार्करनं सूर्य-चंद्र काढले, डॉक्टरनं सांगितलेली तारीख टाकली. तो बराच वेळ तारखेकडं बघत होता. मग म्हणाला, "वैनी, आमच्या मागावर आणि सात जण तीच लावूलेत. त्यांच्यासाठी एक कागद लिहून देता काय, मराठीत एक आणि कानडीत एक? मी भिंतीला लावतो."

मराठीतला मी लिहिलाय. सीमावासी, कानडीतला तुमच्या भावाकडून तपासून मिळेल का? उद्या दुपारपर्यंत हवाय, त्याची पाळी दोनला लागते.

सीमावासी

आताच फोन केला. रात्री पाठवतो म्हणालाय. मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलंय, मागाच्या खोलीत उजेड कमी असतो.